मराठी ख्रिस्ती उपासनेतील परंपरा आणि नवता : मिश्रण की समन्वय?

प्रस्तावना

पुणे शहरातील मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत रविवारच्या उपासनेचे स्वरूप हा अलीकडच्या काळात मतभेदाचा विषय झाला आहे. एका बाजूस 'उपासना संगीत' हाती घेऊन ऑर्गनच्या किंवा पेटी-तबल्याच्या साथीने गाणारी वडीलधारी पिढी आहे; दुसऱ्या बाजूस गिटार, कीबोर्ड, ड्रम आणि पडद्यावरील हिंदी-इंग्रजी गीतांना सरावलेली तरुण पिढी आहे. यावर सामान्यतः दोन उपाय योजले जातात : दोन्ही पिढ्यांसाठी स्वतंत्र उपासना घेणे, अथवा एकाच उपासनेत दोन जुनी व दोन नवी गीते घेणे. पहिल्या उपायाने मंडळी दुभंगते. दुसऱ्याने ती एकत्र बसते, पण एकत्र गातेच असे नाही. या दुसऱ्या उपायाची, म्हणजेच 'मिश्रणा'ची, चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

परंपरा म्हणजे कोणती?

ज्यास आज परंपरा म्हटले जाते ती एकजिनसी नाही. गुरुवार पेठेतील पंचहौद मिशनचे पवित्र नाम देवालय १८८५ सालचे. त्याची घडण व घंटामनोरा पाश्चात्त्य वळणाचा, तर त्यातील उपासनेची भाषा मराठी. गीतांचेही तसेच आहे. मिशनरी काळात पाश्चात्त्य चालींवर बेतलेली भाषांतरित गीते रूढ झाली. त्या चालींतील आघात मराठी शब्दांच्या ऱ्हस्व-दीर्घांशी जुळत नसल्याने शब्दांची ओढाताण होई. एकोणिसाव्या शतकातच अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथील कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्तकथा कीर्तनातून मांडली, आणि १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्ह. नारायण वामन टिळकांनी अभंग, पदे व भजने रचून या गीतपरंपरेचा पालट घडविला. आज जी भजने 'जुनी' म्हणून जपली जातात, ती त्यांच्या काळी नवीच होती. म्हणून जुने विरुद्ध नवे ही मांडणी मुळातच अपुरी ठरते.

टिळक आणि विन्स्लो यांचा आदर्श

टिळकांनी केवळ वाद्ये बदलली नाहीत. तुकोबांच्या वाणीने आपणास ख्रिस्तापर्यंत आणले, अशी त्यांची धारणा होती. त्यामुळे छंद, प्रतिमा आणि भक्तिभाव या तिन्ही अंगांनी त्यांनी गीताची पुनर्रचना केली. भजनात एकाने म्हणावे व सर्वांनी झेलावे, ही रीत असल्याने निरक्षर उपासकही गाण्यात सहभागी होऊ शकला. रूप बदलले ते मंडळीच्या मुखी गीत यावे यासाठी.

विन्स्लो यांनी हाच विचार उपासनाविधीच्या पातळीवर नेला. १९२० साली त्यांनी सहकाऱ्यांसह हिंदी मंडळीसाठी स्वतंत्र प्रभुभोजनविधीचा आग्रह धरला आणि इंग्रजी प्रार्थनापुस्तकाऐवजी प्राचीन सिरियन विधीचा आधार घेतला. १९२२ साली अहमदनगर येथे त्यांनी स्थापिलेला ख्रिस्त सेवा संघ पुढे पुण्यात शिवाजीनगर येथे आला. प्राचीनाकडे वळून नवे घडविण्याचा हा प्रयत्न होता.

आजच्या मिश्रणाची चिकित्सा

नव्या गीतांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो : त्यांत त्याच त्या ओळी घोळवल्या जातात. हा आक्षेप टिकणारा नाही, कारण पुनरुक्ती हा भजनाचाही प्राण आहे. भेद आहे तो अन्यत्र. भजनात प्रत्येक कडवे नवा आशय आणते आणि ध्रुपद त्यास पुन्हा मूळ भावाशी जोडते. अनेक नव्या गीतांत ध्रुपद राहते, पण कडवी विरळ होत जातात.

दुसरा मुद्दा स्थानाचा. विधिबद्ध उपासनेत पापांगीकार, शास्त्रवाचन, अर्पण, प्रभुभोजन यांच्याशी गीत बांधलेले असते. आरंभीच सलग स्तुतिगीते गाण्याच्या नव्या पद्धतीत हे नाते सुटते. स्तुती उरते, पश्चात्ताप आणि विलाप मागे पडतात. वस्तुतः स्तोत्रसंहितेतील १५० स्तोत्रांत विलापाची स्तोत्रे मोठ्या संख्येने आहेत. दुःखात असलेल्या उपासकास शब्द न देणारी उपासना कितीही उत्साही असली तरी अपुरीच होय.

तिसरा मुद्दा आवाजाचा. ध्वनिवर्धकावर गाणाऱ्या गायकाच्या पट्टीत गीत बसविले, की मंडळी श्रोता बनते. मात्र हा दोष केवळ नव्यांचा नाही. संथ लयीत, कुणाच्याही गळ्यात न बसणाऱ्या उंच पट्टीत वाजणारा ऑर्गनही मंडळीस तितकेच मुके करतो.

निष्कर्ष

जुन्या-नव्या गीतांची संख्या समसमान ठेवणे म्हणजे समन्वय नव्हे. कोणत्याही गीताची पारख तीन प्रश्नांनी व्हावी : मंडळी ते गाते काय, विधीच्या त्या स्थानी ते योग्य काय, आणि त्याचा आशय मनन सोसू शकतो काय. या कसोटीवर गिटारसह गायिलेला टिळकांचा अभंग ग्राह्य ठरेल. तरुणांनी आजच्या मराठीत रचलेले विलापगीतही ठरेल. अशी नवी मराठी रचना हीच खरी उणीव आहे. आयात गीतांनी ती भरून निघत नाही आणि जुन्याच्या केवळ जतनानेही नाही. टिळकांची परंपरा पुढे चालविणे म्हणजे त्यांची गीते गाणे एवढेच नसून त्यांच्याप्रमाणे आपल्या काळाच्या भाषेत नवी गीते रचणे होय.