पदरमोड आणि प्रकाशन

ग्रंथकाराने स्वतःचे द्रव्य खर्चून ग्रंथ प्रसिद्ध करावा की नाही, या प्रश्नाचा निकाल आपल्याकडे बहुधा मानापमानाच्या दृष्टीने लावला जातो. ज्याचे लेखन कोणी छापीत नाही त्यानेच पदरमोड करावी, असे पुष्कळांचे मत असते. इंग्रज कादंबरीकर्त्री जेन ऑस्टेन हिचा व्यवहार पाहिला म्हणजे हे मत किती अपुरे आहे ते ध्यानात येते.

१८०३ मध्ये तिने एका कादंबरीचे हस्तलिखित १० पौंडांना विकले. घेणाऱ्याने ते छापलेच नाही. १८१६ मध्ये तितकीच रक्कम भरून ते परत घ्यावे लागले. १८११ मध्ये एजर्टन याने 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' काढली ती लेखिकेच्या जोखमीवर : कागद, छपाई व जाहिरात यांचा भार तिचा, प्रकाशकास विक्रीवर दलाली. आवृत्ती खपून तिला १४० पौंड लाभले, आणि स्वामित्वहक्कही तिचाच राहिला. उलट 'प्राइड अँड प्रेज्युडिस'चा हक्क तिने ११० पौंडांस देऊन टाकला; पुढील आवृत्त्यांची प्राप्ती अर्थातच प्रकाशकाची झाली. तथापि पदरमोड नेहमीच फळते असे नाही. 'मॅन्सफील्ड पार्क'च्या दुसऱ्या आवृत्तीत खोट आली, आणि 'एमा'चा बहुतेक नफा ती भरून काढण्यात गेला.

मग या व्यवहारात आणि आजच्या शुल्क घेऊन ग्रंथ छापणाऱ्या कंपन्यांच्या व्यवहारात भेद कोणता? एजर्टनची दलाली पुस्तक विकले गेले तरच पिकत असे. आगाऊ शुल्क घेणाऱ्या कंपनीचा नफा पहिली प्रत विकण्यापूर्वीच पुरा होतो. तिचे गिऱ्हाईक वाचक नसून लेखक असतो. म्हणून हस्तलिखिताची तिने केलेली स्तुती ही दुकानदाराची स्तुती समजावी. हक्क कोणाकडे राहणार, छापलेल्या प्रती कोणाच्या, त्या विकण्याची खटपट कोण करणार, या प्रश्नांची उत्तरे करारात स्पष्ट नसतील तर पैसे भरू नयेत.

आणखी एक गोष्ट. 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'चा पहिला मसुदा अठराव्या शतकाच्या अखेरच्या दशकातला. छापण्यापूर्वी तो पुन्हा लिहिला गेला होता. प्रकाशकाचा नकार आपण द्रव्य देऊन टाळू शकतो. स्वतःच्या लेखनाची कठोर परीक्षा मात्र टाळता येत नाही. ती ज्याने केली आहे, आणि गेलेली रक्कम ज्याच्या घरखर्चास बाधणार नाही, त्याने खुशाल पदरमोड करावी. त्यात कमीपणा नाही.