मॉरिशस १३वा, भारत ६३वा: या क्रमांकांवर प्रबंध उभा करण्याआधी

'आर्थिक सुधारणा आणि खाजगी उद्योग' असा विषय घेऊन पीएच.डी.ला बसणार असाल, तर जागतिक बँकेचा 'डूइंग बिझनेस' निर्देशांक तुम्हाला भेटणारच. १९० अर्थव्यवस्थांचे तयार आकडे, तेही फुकट. बँकेनं २०२१ मध्ये तो बंद केला, पण जुने आकडे अजून वापरात आहेत. म्हणून मॉरिशसचं उदाहरण घेऊन तो तपासून बघू.

आधी श्रेय देऊ. मॉरिशस म्हणजे बारा-तेरा लाख वस्तीचं बेट. कोकणातून मजुरीला गेलेल्या मराठी माणसांचे वंशजही तिथे आहेत. २००५ च्या सुरुवातीला कापड निर्यातीची जागतिक कोटा पद्धत संपली आणि युरोपात साखरेला मिळणारा चढा भावही जाणार हे दिसू लागलं. २००६ मध्ये सरकारनं व्यवसाय सुलभतेचा कायदा केला. आधी परवाना मग धंदा, हा क्रम बदलला: नियम पाळून धंदा सुरू करा, तपासणी नंतर. निर्देशांकाच्या २०२० च्या अहवालात मॉरिशस १३वा आला, सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत पहिला. सरकारी खेटे मोजता येतात, हे या निर्देशांकानं दाखवून दिलं. काम छोटं नाही.

आता तीन प्रश्न विचारा.

पहिला, मोजलं काय? 'धंदा सुरू करणे' या भागात एक काल्पनिक मर्यादित कंपनी धरली होती: पाच मालक, १० ते ५० कामगार. नियमाप्रमाणे तिला किती दिवस लागतील, हे वकील, हिशेबनीस वगैरेंना विचारायचं. प्रत्यक्षात किती लागले, ही वेगळी गोष्ट. मेरी हॉलवर्ड-ड्रायमायर आणि लँट प्रिचेट यांनी २०१५ च्या लेखात हे आकडे उद्योजकांनी सांगितलेल्या दिवसांशी ताडून पाहिले. दोन्हींचा मेळ फारसा बसला नाही. एकाच देशात कुणाचं काम चुटकीसरशी होतं, कुणाचं महिनोन्महिने रखडतं.

दुसरा, मोजलं कुठे? मॉरिशससाठी पोर्ट लुईस. छोट्या बेटाला ते चालून जातं. भारतासाठी फक्त मुंबई आणि दिल्ली. आता खडकी बाजारात या. इथं काही व्यवसायांना कॅन्टोन्मेंट बोर्डाचा परवाना लागतो, कॅन्टोन्मेंट कायदा २००६ प्रमाणे. शेजारच्या बोपोडीत गेलात की कारभार पुणे महापालिकेचा. चालत जाण्याच्या अंतरात कार्यालय बदलतं, नियम बदलतात. भारताच्या ६३ या क्रमांकात या दुकानदाराला जागाच नाही. मग तो क्रमांक घेऊन 'भारतातल्या लघुउद्योजकां'बद्दल निष्कर्ष कसा काढणार?

तिसरा, आधी काय घडलं? मॉरिशसचा निर्यात प्रक्रिया क्षेत्राचा कायदा १९७० चा. कपड्यांचे कारखाने वाढले ते ऐंशीच्या दशकात. निर्देशांक आला २००३ मध्ये. अरविंद सुब्रमण्यन आणि देवेश रॉय यांचा २००१ चा निबंध जरूर वाचा. मॉरिशसनं देशी बाजाराला आयातीपासून भरपूर संरक्षण दिलं आणि निर्यातदारांना वेगळ्या सवलती दिल्या, हे ते मांडतात. साखर-कापडाला परदेशात मिळालेला खास प्रवेश आणि देशातल्या भक्कम संस्था हेही त्यात येतं. 'नियम सैल केले, देश वर आला' एवढी सरळ गोष्ट नाही ती.

शिवाय २०१८ आणि २०२० च्या अहवालांत चीन, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती आणि अझरबैजान यांच्या आकड्यांत गडबड झाल्याचं बँकेनंच मान्य केलं. एका देशाचा आकडा हलला की बाकीच्यांचे क्रमांकही हलतात, हे विसरू नका.

मग हे आकडे फेकून द्यायचे का? नाही. 'कागदावर नियम किती सोपे झाले' एवढंच म्हणायचं असेल तर जरूर वापरा, पण क्रमांक नको, मूळ दिवस आणि खर्च घ्या. 'उद्योग वाढले का' हे म्हणायचं असेल तर उद्योगांची पाहणी लागेल. ती मोठी जमत नसेल तर एका बाजारपेठेतल्या तीस दुकानदारांना परवान्याचे दिवस विचारा. नमुना लहान आहे, हे प्रबंधात स्पष्ट लिहा. मार्गदर्शक कदाचित कुरकुरतील, पण तोंडी परीक्षेत 'हा आकडा नेमका कुणाचा?' असं विचारलं तर तुमच्याकडे उत्तर असेल.