तुह्या गाण्याले सा कुठी हाये?

‘एक नंबर भाऊ.’ ‘कडक.’ ‘लहानपण आठवलं रे.’

गेमबॉयवर केलेली माझी पहिली ट्यून मित्रांना पाठवली, तेव्हा आलेले हे अभिप्राय. दोन दिवस मी हवेत होतो. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की यातलं एकही वाक्य माझ्या ट्यूनबद्दल नाही. ‘लहानपण आठवलं’ हे तर जत्रेत मिळणाऱ्या ‘९९९९ इन १’ ब्रिक गेमच्या पिपाणीबद्दलही म्हणता येईल.

आधी यंत्राबद्दल थोडं. निन्टेंडोने १९८९ साली आणलेल्या गेमबॉयमध्ये आवाजाचे चारच चॅनेल आहेत. दोन ‘पल्स’चे, म्हणजे चौकोनी लहरींचे. एक ‘वेव्ह’चा, ज्यात ३२ नमुन्यांची छोटीशी लहर आपल्याला स्वतः आखता येते. आणि एक ‘नॉइज’चा, म्हणजे खरखरीचा, ज्यातून ताल काढतात. मी वापरतो ते ‘लिटल साउंड डीजे’ हे सॉफ्टवेअर योहान कोटलिन्स्की या स्वीडिश प्रोग्रामरने २०००च्या सुमारास लिहिलं. त्यात संगीत पट्टीवर वाजवायचं नसतं, तक्त्यासारखं भरायचं असतं. एका फ्रेजमध्ये १६ ओळी. आमच्यासारख्यांना हे घरचंच वाटतं: ओळींचे आकडेही शून्य ते एफ.

माझ्या ट्यूनचं नाव होतं ‘गुलाबी पाणी’. जून २०२०मध्ये लोणार सरोवराचं पाणी अचानक गुलाबी झालं होतं, आठवत असेल. पाण्यातल्या क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नंतर सांगितलं. तेव्हा मी वर्क फ्रॉम होम करत मेहकर तालुक्यातल्या आमच्या गावी होतो. सरोवर तासाभराच्या अंतरावर, आणि बघायला जायची सोय नाही. ती तगमग डोक्यात राहिली. काही वर्षांनी सेकंडहँड गेमबॉय हाती आला तेव्हा पहिली ट्यून तिच्यावरच केली. भूपाचे पाच स्वर, वेग भरपूर.

पहिला खरा अभिप्राय पुण्यातल्या ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याने दिला. तो स्वतः चिपट्यून करतो. त्याने हेडफोन लावून तीनदा ऐकलं आणि दोन गोष्टी सांगितल्या. एक: ‘तू किक आणि बेस दोन्ही वेव्ह चॅनेलवर ठेवलेस. किक आली की बेस तुटतो. चौथ्या आणि सी ओळीवर ऐक.’ हा सरळ बग रिपोर्ट होता. ओळ क्रमांकासकट. अर्ध्या तासात किक नॉइजवर हलवली.

दुसरी गोष्ट मात्र झोंबली. ‘नाव झाकून ऐकलं तर हे कुठल्याही गेमची दुसरी लेव्हल वाटतं. यात लोणार काय आहे?’

मी म्हणालो, ‘चार चॅनेलमध्ये अजून काय येणार?’ तो काही बोलला नाही.

दिवाळीत गावी गेलो. मामा भजनी मंडळात पेटी वाजवतात. त्यांच्या हातात गेमबॉय दिला. त्यांनी तो कानाशी रेडिओसारखा धरला, दोन मिनिटं ऐकलं आणि विचारलं, ‘तुह्या गाण्याले सा कुठी हाये?’

‘मामा, पहिला स्वर साच आहे.’

‘पयला अशीन. पन मांगून सुरू कोन धरते?’

मग ते सप्ताहावर आले. अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवत नाहीत. रात्री दोन वाजता मंडपात चार माणसं असली, तरी एक जण गळ्यात वीणा घालून उभा असतो. तो काही विशेष वाजवत नाही, एकच सूर छेडत राहतो. ‘तो हाये म्हनून बाकीच्याइले थांबता येते,’ मामा म्हणाले. ‘तुह्या गान्यात थांबाले जागाच नाही. सारखं पयते.’

मी पुन्हा ढाल पुढे केली: यंत्रच तसं आहे, मींड येत नाही, स्वर एकामागून एक टोचल्यासारखे येतात. मामा हसले. ‘पेटीत तरी कुठी मींड येते?’

इथे मी निरुत्तर झालो, कारण हा वाद जुना आहे आणि पेटीने तो सोसलेला आहे. पेटीला श्रुती दाखवता येत नाहीत, मींड घेता येत नाही, म्हणून १९४०मध्ये ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदी घातली. ती १९७१मध्ये सैल झाली. त्याआधी सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१०च्या सुमारास बावीस श्रुतींचा हिशोब मांडून, ई. क्लेमेंट्स या इंग्रज अधिकाऱ्यासोबत श्रुती-हार्मोनियमचा खटाटोप केला होता. पण गावागावांतल्या पेटीवाल्यांनी ना रेडिओची वाट पाहिली ना श्रुतींची. भाता कमी-जास्त करून, कणस्वर लावून, योग्य ठिकाणी गप्प बसून त्यांनी त्याच पेटीकडून काम करून घेतलं.

आणि खरं सांगायचं तर मी खोटं बोललो होतो. ‘लिटल साउंड डीजे’मध्ये ‘एल’ नावाची आज्ञा आहे. ती एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत नेते. ती मी कधी वापरलीच नव्हती.

तेव्हापासून माझ्यापुरती अभिप्रायाची एक कसोटी ठरली आहे: यंत्राची मर्यादा कुठे संपते आणि माझा आळस कुठे सुरू होतो, ती रेषा दाखवतो तो अभिप्राय. ‘मस्त आहे’ म्हणणारा ती रेषा बघतच नाही. ‘हे कसलं संगीत, पिपाणी आहे’ म्हणणाराही बघत नाही. तो सगळंच यंत्राच्या खात्यावर टाकतो. एकाने दिलेलं शून्य आणि दुसऱ्याने दिलेले शंभर, दोन्ही पेपर न तपासता दिलेले.

हिरोकाझू तनाका हे नाव या क्षेत्रात मोठं आहे. गेमबॉयच्या ध्वनीव्यवस्थेच्या रचनेत त्याचा हात होता, त्यावरच्या टेट्रिसचं संगीतही त्याचंच. १९८६च्या ‘मेट्रॉइड’मध्ये संगीत कुठे संपतं आणि गेमचे आवाज कुठे सुरू होतात हे कळू नये, आणि मोकळी चाल शेवटच्या शत्रूला हरवल्यावरच यावी, असा त्याचा विचार होता. मी त्याच्या ट्यूनमधला वेग ऐकला होता, हे राखून ठेवणं ऐकलं नव्हतं.

दुसरा खर्डा लिहायला बसलो. दुसऱ्या पल्सवर मी मुख्य चालीचाच उशिराचा प्रतिध्वनी ठेवला होता. त्याने ट्यून भरगच्च वाटायची, आणि मला तो फार आवडायचा. तो काढला. त्या जागी तंबोऱ्याचा क्रम: प, सा, सा, सा. १६ ओळी, चार तारा, प्रत्येकीला चार ओळी. हिशोब आपोआप बसला. मग चालीतल्या जवळपास एक तृतीयांश ओळी रिकाम्या केल्या. आपण लिहिलेले चांगले स्वर डिलीट करताना बोट अडखळतं. पण त्या रिकाम्या ओळींत मागचा सा ऐकू येऊ लागला आणि पहिल्यांदा ट्यूनमध्ये साचलेलं पाणी दिसलं. लोणारचं पाणी वाहत नाही. विवराच्या तळाशी नुसतं पडून असतं. माझी पहिली ट्यून त्याच्या काठावरून मोटारसायकल पळवत होती.

मामांचं सगळंच मी मानलं नाही. ‘आवाज मऊ कर’ असं ते म्हणाले होते. तो खरखरीतपणा या यंत्राचा गळा आहे. तो घासून काढायचा तर मोबाईलवरचा पियानो काय वाईट? हे त्यांना सांगितलं. त्यांना पटलं नाही. पण १२.५ टक्क्यांची अरुंद पल्स लावून चाल ऐकवली तेव्हा म्हणाले, ‘हे सनईवानी हाये, हे राहू दे.’ तेवढ्यावर आमची तडजोड झाली.

सहकाऱ्याला नवी आवृत्ती दिली. त्याने नाव न विचारता ऐकली आणि म्हणाला, ‘आता ही गेममध्ये चालणार नाही. खेळणारा थांबून बसेल.’ हे कौतुक की तक्रार, मी विचारलं नाही.

मामांची एक सूचना अजून बाकी आहे. ‘हे सरते कवा?’ त्यांनी विचारलं होतं. गेमचं संगीत गोल फिरत राहतं, त्याला शेवट नसतो, भजनाला असतो. शेवटची फ्रेज मी चार वेळा लिहून खोडली आहे. सा वर येऊन थांबायचं कसं, ते या सप्ताहात मंडपात बसून ऐकणार आहे.