परीक्षा भिंतीवर, फोटो माथेरानला

कॅमेऱ्याची परीक्षा कशी घेतात, ठाऊक आहे? काळ्यापांढऱ्या रेघांचा तक्ता भिंतीला लावायचा, कॅमेरा तिकाटण्यावर बसवायचा आणि श्वास रोखायचा. २००० साली या परीक्षेचं आंतरराष्ट्रीय मानकही निघालं, आयएसओ १२२३३. या गुणांवर आपण हजारो रुपये मोजायचे! पण तक्ता बघायला माथेरानला कोण जातो हो?

आमच्या मते परीक्षा सहलीच्या फोटोवरच घ्यावी. स्टेशनावरची 'माथेरान' ही पाटी घ्या. तिच्यावरचा काळा काना फोटोत चारपाच अंश कलता आला की झालं. (फोटो सरळ काढणारा पर्यटक अजून जन्मायचाय, तेव्हा ही सोय आपोआप होते.) मग फोटो मोठा करून मोजायचं : काळ्यातून पिवळ्यात जायला किती पिक्सेल लागतात? दोनतीन लागले तर भिंग उत्तम, आठदहा लागले तर आनंद. कलता अशासाठी, की कड प्रत्येक ओळीत जरा सरकते आणि हिशेब बारीक होतो.

तक्त्याचे कैवारी म्हणतील, हाताची थरथर, लाल धूळ, पॅनोरमा पॉइंटचं धुकं, सगळं भिंगाच्याच नावे पडेल. खरंय. म्हणून पाचपन्नास फोटो तपासावेत आणि त्यांतली सर्वांत रेखीव कड धरावी. धुकं गुण कापतं, वाढवत नाही. वाढवतो तो हल्लीचा मोबाइल, कडेला पांढरी किनार ओढून! ते गुण वजा करावेत.

तक्ता म्हणजे अर्जाला जोडलेलं प्रमाणपत्र. आम्ही बँकवाले ते फायलीला लावतो. माणूस ओळखतो तो खात्यावरून.