'रुक्मिणीस्वयंवर' या नावातील 'स्वयंवर'

नरेंद्राचे तेराव्या शतकाच्या अखेरीचे काव्य आणि एकनाथांचे १५७१ मधील काव्य, या दोहोंचेही नाव 'रुक्मिणीस्वयंवर'. यावर एक आक्षेप सहज सुचतो. कौंडण्यपुरात राजसभा भरली नाही, वरमाला फिरली नाही. घडले ते हरण. (ते अंबेच्या कोणत्या देवळातून झाले, याविषयी कौंडण्यपूर व अमरावती येथील परंपरा भिन्न आहेत, प्रस्तुत प्रश्नाला तो भेद बाधक नाही.) मग स्वयंवर कोठले?

आक्षेपाचे मूळ सभेलाच स्वयंवर समजण्यात आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात, ऋतुप्राप्तीनंतर तीन वर्षे वाट पाहून कन्येने आपला पती आपणच निवडावा, असे सांगितले आहे. मात्र माहेरचे अलंकार तिने नेऊ नयेत. तेथे मंडप नाही, जमलेले राजे नाहीत. आहे तो पालकाने कर्तव्य टाळल्यावर जागा होणारा अधिकार. बांधवांची इच्छा डावलून रुक्मीने शिशुपाल ठरविला, तेव्हा नेमका हाच प्रसंग उद्भवला.

भागवताच्या दशम स्कंधातील रुक्मिणीचे पत्र या दृष्टीने वाचण्याजोगे आहे. त्यात अनुराग आहे, तशी व्यवहाराची परिभाषाही आहे. विवाह 'राक्षस' विधीने व्हावा, असे ती स्वतः लिहिते आणि स्वतःस 'वीर्यशुल्का' म्हणविते. शुल्क म्हणजे आज फी. विवाहप्रकरणी मात्र कन्येच्या घरच्यांस द्यावयाचे मोल. ज्या कन्येचे मोल पराक्रम हेच, ती वीर्यशुल्का. मोल ठरविण्याचा भावाचा अधिकार या एका समासाने काढून घेतला आहे.

अडचण उरते ती 'राक्षस' शब्दाची. मनूच्या व्याख्येतील कन्या आक्रोश करीत असते. पत्र धाडून बोलावणारी कन्या तीत बसत नाही. परस्परांच्या इच्छेचा विवाह तो गांधर्व. परंतु त्याच तिसऱ्या अध्यायात हे दोन्ही प्रकार क्षत्रियास पृथक् वा मिश्र रीतीने धर्म्य म्हटले आहेत, आणि 'मिश्र' म्हणजे आधी परस्परसंमती व मग युद्ध, असा अर्थ कुल्लूक लावतो. बळ योजिले ते कन्येवर नव्हे, तिला अडविणाऱ्यांवर.

आजच्या कायद्याच्या मराठी परिभाषेत अल्पवयीनास पालकाच्या ताब्यातून नेणे हे 'अपनयन', तर बळाने वा फसवून नेणे हे 'अपहरण'. एकात पालकाची संमती निर्णायक, दुसऱ्यात नेलेल्या व्यक्तीची इच्छा. जुन्या 'हरण' शब्दात हा भेद बुजलेला आहे. त्यामुळे 'रुक्मिणीहरण' हे नाव रुक्मीच्या फिर्यादीत शोभते; दोन्ही मराठी कवींनी घेतलेले नाव रुक्मिणीच्या पत्राशी जुळते.