अनंत फंदींचा फटका : स्मरण आणि विवेक

माहिती विपुल झाली की लक्ष दुर्मीळ होते, हा विचार हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्ये मांडला. भ्रमणध्वनीवर अखंड संदेश येत असण्याच्या आजच्या काळात त्याची प्रचीती प्रत्येक वर्गात येते. तथापि पुष्कळ ऐकून मोजके जपण्याचा प्रश्न मराठी वाङ्मयाला नवा नाही. या दृष्टीने संगमनेरचे शाहीर अनंत फंदी (१७४४-१८१९) यांच्या फटक्याचा विचार उद्बोधक ठरतो.

मराठीतील पहिले वृत्तपत्र 'दर्पण' १८३२ मध्ये निघाले, तेव्हा फंदींच्या निधनास १३ वर्षे झाली होती. त्यापूर्वी लढायांच्या आणि राजकारणाच्या वार्ता जनसामान्यांपर्यंत पोहोचविण्यात पोवाड्याचा वाटा मोठा होता. फंदींनी पोवाडे रचले, लावण्याही रचल्या. अहिल्याबाई होळकरांच्या उपदेशाने ते कीर्तनाकडे वळले, अशी आख्यायिका आहे. फटका हा रचनाप्रकार मराठीत रूढ करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. पोवाडा घडलेले सांगतो, तर फटका त्यातून आचरणासाठी काय घ्यावे ते सांगतो.

फंदींच्या सर्वपरिचित फटक्याचे सामर्थ्य त्याच्या बांधणीत आहे. ठसकेबाज लय, नित्याच्या व्यवहारातील दाखले आणि चरणाअखेर पुनःपुन्हा येणारा 'नको' हा निषेध यांमुळे तो निरक्षर श्रोत्याच्याही कंठी राहिला. मात्र याच बांधणीत त्याची मर्यादाही आहे. प्रत्येक उपदेश स्वतंत्र असून सर्वांना सारखेच वजन मिळते. दुसऱ्याच्या पाठबळावर गरिबाला दरडावू नये, हे न्यायाचे वचन आणि मूर्खाशी मैत्री करू नये, हा व्यवहाराचा सल्ला एकाच सुरात येतात. फटका स्मरणात राहतो, परंतु त्यातील थोर कोणते आणि गौण कोणते हे तो ठरवीत नाही. आजच्या सुविचारांच्या संदेशांतही हाच दोष आढळतो. फरक इतकाच की फटका श्रोत्यांसमोर गायिला जाई, आणि श्रोत्यांच्या पसंतीस उतरला तरच पुढे टिके. संदेश न वाचताही पुढे धाडता येतो.

स्मरणाची निवडही निर्दोष नसते. पाठ्यपुस्तकांनी फंदींचा उपदेशपर फटका जपला. त्यांची लावणी मात्र वर्गाबाहेर राहिली. परिणामी अनेक पिढ्यांना उपदेशक फंदी परिचित झाले, रंगेल शाहीर अपरिचित राहिले. जे टिकले तेच महत्त्वाचे, असे मानणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

सारांश, माहितीच्या गर्दीत सार संक्षिप्त करणे हे अर्धेच काम होय. निवडलेल्याचा क्रम लावणे आणि वगळलेल्याचे कारण सांगणे हे उरलेले अर्धे. पाठांतराने पहिले साधते. दुसऱ्यासाठी चिकित्सा लागते. फटका शिकविताना विद्यार्थ्याने त्यातील एक उपदेश सर्वांत वर ठेवावा आणि तो का ठेवला हे सांगावे, एवढे झाले तरी संगमनेरच्या या शाहिराची रचना पाठांतरापुरती न राहता विवेकाचा अभ्यास होईल.