वटवाघळाला मोकळे असलेले दार

सुधारणावादी कवितेचा विचार करताना आपण तिच्यातील उपदेश पाहतो. तो कोणत्या भाषेत केला आहे, इकडे सहसा लक्ष देत नाही. इंग्रजी अमदानीतील तेलुगू कवितेत मात्र भाषेची निवड हाही सुधारणेचाच भाग होता. गुरजाडा अप्पाराव आणि गुर्रम जाशुवा यांच्या कविता शेजारी ठेवून वाचल्या की ही गोष्ट ध्यानात येते.

गुरजाडा (१८६२-१९१५) ब्राह्मण घराण्यातले, विजयनगरम संस्थानच्या आश्रयाला असलेले. पैसे घेऊन कोवळ्या मुली म्हाताऱ्यांना देण्याची चाल त्यांनी जवळून पाहिली होती. विशाखापट्टणम जिल्ह्यात तीन वर्षांत असे १०३४ विवाह नोंदले गेले, असे त्यांनी ‘कन्याशुल्कम्’ नाटकाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवले आहे. ‘पूर्णम्मा’ या कवितेत अशीच एक मुलगी येते. ती देवीच्या दर्शनाला जाते आणि परत येत नाही. कवीने हे सारे साध्या, बोलत्या तेलुगूत सांगितले. पंडितांची वृत्ते बाजूला ठेवून १९१० मध्ये त्यांनी ‘मुत्याल सरालु’ हा नवा, सुटसुटीत छंद आणला. ‘लवणराजु कल’मध्ये तर माणसांच्या जाती दोनच, भली आणि बुरी, इथपर्यंत ते पोहोचले.

तरीही एक गोष्ट खटकते. पूर्णम्मा मरते, ‘कन्यका’ या दुसऱ्या कवितेतील मुलगीही मरते. वाचकाच्या मनात करुणा जागी होते, पण पीडितेला जगून जाब विचारता येत नाही. तिच्या वतीने कवीच बोलतो.

जाशुवांकडे (१८९५-१९७१) आले की चित्र पालटते. आंध्रातील विनुकोंडा येथे जन्मलेला हा दलित ख्रिस्ती कवी पेशाने शिक्षकही होता. त्यांच्या ‘गब्बिलम्’ (१९४१) काव्यात एक अस्पृश्य माणूस काशीच्या विश्वनाथाला निरोप धाडतो. कालिदासाच्या यक्षाने मेघाला दूत केले. हा वटवाघळाला करतो. कारण साधे आहे. देवळात वटवाघळाला जाता येते, माणसाला नाही. हा नायक मरत नाही, तो गाऱ्हाणे मांडतो, हिशेब मागतो.

आता भाषेकडे पाहा. ब्राह्मण कवी पंडितांचे वृत्त सोडून लोकांच्या बोलीकडे आला आणि दलित कवीने नेमके पंडितांचेच वृत्त हाती घेतले. ही उलटी चाल नव्हे. ज्याच्या घरात ती भाषा पिढ्यान्‌पिढ्या नांदली, त्याला ती सोडणे हाच त्याग होता. ज्याला तिच्यापासून दूर ठेवले गेले, त्याला ती मिळवणे हाच हक्क होता. त्याची किंमतही जाशुवांनी मोजली. ज्यांच्या दुःखावर त्यांनी लिहिले, त्यांतील कितीतरी निरक्षर माणसांना ती भारदस्त पद्ये वाचता येणार नव्हती. हा दोष मान्य करूनही त्यांची निवड मला चुकीची वाटत नाही. गाऱ्हाणे ज्याच्या दारात न्यायचे, त्याला नाकारता येणार नाही अशा भाषेत ते नेले पाहिजे.

उर्दू शाळेत शिकलेल्या वाचकाला जाशुवांचे ‘फिरदौसी’ (१९३२) हे काव्य विशेष जवळचे वाटेल. शाहनाम्यासाठी सोन्याचा वायदा करून सुलतान महमूदाने चांदी दिली, ही जुनी, प्रचलित कथा. इतिहासकार तिला फारसे प्रमाण मानत नाहीत. जाशुवांना तिच्यात दिसला तो मोबदला हिरावलेला कवी. धर्म निराळा, मुलूख निराळा, शतकेही मध्ये पडलेली. तरी ते दुःख त्यांना परके वाटले नाही.

आपण मराठीत लिहिणारे मुसलमानही घरची बोली आणि ग्रंथांची मराठी यांच्यामध्ये उभे आहोत. कोणती निवडावी, याचा एकच नियम सांगता येणार नाही. आपण कोणाशी बोलत आहोत आणि कोणते दार ठोठावत आहोत, हे आधी ठरवावे लागेल. मात्र आपले गाऱ्हाणे दुसऱ्या कोणी आपल्या वतीने मांडावे, याची वाट पाहत बसू नये, एवढे तरी ‘गब्बिलम्’ वाचून शिकता येते.